शिकाऊ हात



प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर आपला नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला एक देखावा हमखास पाहायला मिळतो. आत मोठे डॉक्टर असतात, जुन्या जाणत्या सिस्टरबाई असतात, आणि त्यांच्या मागेपुढे करणारी चार-दोन कोवळी मुले-मुली असतात. अंगात नवा कोरा पांढरा डगला, हातात वही, आणि तोंडावर थोडी भीती. त्यांच्यातली एखादी मुलगी सुई घेऊन पुढे आली, की बाकावरची आजी हात मागे घेते आणि म्हणते, "तू नको गं पोरी, त्या मोठ्या बाईंना बोलाव."

आजीचे चुकले असे कोण म्हणेल? दंड तिचा आहे, दुखणेही तिचेच आहे. पण त्या पोरीचेही चुकले असे म्हणता येत नाही. कारण आज ज्या मोठ्या बाई आहेत, त्यांनीही आपली पहिली सुई कोणाच्या तरी दंडावर थरथरत्या हातानेच टोचली असेल. त्या दिवशी तो अनोळखी माणूस 'तू नको' म्हणाला असता, तर आज आजीला मोठ्या बाई मिळाल्याच नसत्या.

आपल्यातले शिक्षक बंधुभगिनी हे लवकर ओळखतील. अध्यापन विद्यालयात असताना आपण सरावपाठ घेतले आहेत. पाठटाचण उत्तम तयार असायचे, पण वर्गात उभे राहिल्यावर खडू हातातून निसटायचा. शेवटच्या बाकावर निरीक्षक बसलेले, आणि समोर चाळीस मुले आपल्या चुका निमूटपणे सोसत असायची. शेतकरी मंडळींना तर सांगायलाच नको. नवा खोंड औताला जुंपायचा, तर तो एकटा कोणी जुंपत नाही. जोडीला जुना, शहाणा बैल देतात. काम पोहायचे असो, नांगरायचे असो की शिकवायचे असो, प्रत्यक्ष उतरल्यावाचून ते येत नाही. पुराणातली वांगी पुराणातच राहतात.

मात्र औताचे तास वाकडे गेले, तर पुन्हा धरता येते. सरावपाठ फसला, तर दुसऱ्या दिवशी गुरुजी तो धडा पुन्हा घेतात. आजारी माणसाच्या बाबतीत तसे नाही. तिथे शिकाऊ हाताची चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते. मग शिकणाऱ्याने शिकावे तरी कसे, आणि कोणाच्या जिवावर? हा प्रश्न फार जुना आहे. माणसांनी त्याची उत्तरे कशी शोधली, कुठे ठेच खाल्ली, आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा काय, ते आज थोडक्यात पाहू.

पहिले उत्तर आपल्याच देशातले आहे. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा प्राचीन ग्रंथ. त्यातला एक अख्खा अध्याय शिष्याच्या हाताला सराव कसा द्यावा, एवढ्याच विषयाला दिलेला आहे. शास्त्र कितीही तोंडपाठ असले, तरी ज्याने हाताने सराव केला नाही तो कामाला अयोग्य, अशी त्याची भूमिका आहे. आणि हा सराव कशावर करायचा? तर आपल्या परसातल्या वस्तूंवर. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, कलिंगड आणि काकडी. फोड फोडण्याचा सराव पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. जखमेत सळई घालून तिची खोली पाहायला किडीने पोखरलेले लाकूड नाहीतर बांबू. शरीरात रुतलेली वस्तू बाहेर काढायचा हात बसावा म्हणून फणसातला आणि बेलफळातला गर. टाके घालायला जाड आणि तलम कापडाच्या कडा. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा.

त्या आचार्यांची दृष्टी पाहा. पहिली चूक माणसावर व्हायला नको, ती कोहळ्यावर होऊन जाऊ दे. आज परिचर्येच्या शाळेत मुली रबरी हातावर सुई टोचायला शिकतात, प्लॅस्टिकच्या बाहुलीवर बाळंतपण करायला शिकतात. ती याच विचाराची पुढची पायरी आहे.

पण कोहळ्याची शाळा एका जागी संपते. कोहळ्याला ताप येत नाही. कोहळा घाबरत नाही. घरी तान्हे लेकरू सोडून आलोय, असे कोहळा सांगत नाही. तेव्हा शिष्याला कधी ना कधी खऱ्या माणसाच्या खाटेशी यावेच लागते. तिथे काय होऊ शकते, हे सांगणारी एक हकिगत युरोपातली आहे. ती ऐकायला कठीण आहे, पण ऐकायलाच हवी.

व्हिएन्ना शहरात एक मोठे सार्वजनिक रुग्णालय होते. त्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टरकी शिकणारे विद्यार्थी प्रत्यक्ष काम शिकत. दुसऱ्यात सुईणीचे काम शिकणाऱ्या बायका असत. गरीब बायका तिथे बाळंतपणाला येत. कोणत्या वारी आलात, त्यावर कोणत्या विभागात जागा मिळणार हे ठरे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या. म्हणजे शंभरात अकरांहून जास्त. दुसऱ्या विभागात ३,७५४ बाळंतपणे झाली आणि १०५ बायका गेल्या. म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत. इमारतींना इमारत लागून, रुग्णालय एकच, रोगही एकच, बाळंतज्वर. तरी एवढा फरक! शहरातल्या बायकांना हा फरक पुरता ठाऊक झाला होता. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा हंगेरियन डॉक्टर तिथे १८४६ साली साहाय्यक म्हणून लागला. या मृत्यूंनी त्याची झोप उडाली. त्याने एकेक कारण तपासून पाहिले. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात गर्दी कमी नव्हती. हवा म्हणावी, तर हवा दोन्हीकडे एकच. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा एक स्नेही, प्राध्यापक कोलेच्का, वारला. प्रेताची तपासणी चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी चुकून त्याच्या बोटाला लागली होती. एवढ्याशा जखमेने तो गेला, आणि त्याच्या शरीरात जी लक्षणे दिसली ती थेट बाळंतज्वराने गेलेल्या बायकांसारखी होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी सकाळी प्रेते तपासत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत. फरक होता तो एवढाच.

मे १८४७ मध्ये त्याने दारातच क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले आणि हात धुतल्यावाचून कोणी आत यायचे नाही, असा नियम केला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये शंभरात दोन. पुढच्या सबंध वर्षात, म्हणजे १८४८ साली, दोन्ही विभागांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला.

हा विजय त्याला लाभला नाही. डॉक्टरांचेच हात मृत्यू आणतात, हे पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना रुचले नाही. त्याची नोकरी पुढे चालू ठेवली गेली नाही, आणि १८६५ साली तो हालअपेष्टांत वारला. जंतूंचे शास्त्र उभे राहिल्यावर जगाला त्याचे म्हणणे पटले.

या हकिगतीतून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ते विद्यार्थी दुष्ट नव्हते. उलट मेहनती होते. जो जास्त अभ्यासू, तो सकाळी जास्त प्रेते तपासणार, आणि त्याच्याच हातून जास्त घात होणार! शिकण्याची हौस चांगली असली, तरी तिला शिस्तीचे कुंपण नसेल तर तिची किंमत आजारी माणूस मोजतो. ही व्हिएन्नाची ठेच.

आता लंडनला जाऊ. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, हातात दिवा घेतलेली सेविका म्हणून. क्रिमियाच्या लढाईत, १८५४ ते १८५६ या काळात, त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली. पण त्यांचे टिकाऊ काम त्यानंतरचे आहे. लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा मुली होत्या आणि शिक्षण एक वर्षाचे होते.

त्या शाळेत नवे काय होते? रुग्णालयात बाया पूर्वीही काम करत. पण कोण कुठून आली, काय शिकली, याचा हिशेब नसे. इथे विद्यार्थिनींनी राहायचे रुग्णालयातच. काम करायचे ते वॉर्डातल्या जाणत्या सिस्टरच्या नजरेखाली. आणि प्रत्येकीची महिन्यावारी नोंद ठेवायची. नोंदीत काय असे? वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, वॉर्डाची व्यवस्था. म्हणजे पट्टी कशी बांधली एवढेच पाहायचे नाही, ती बांधणारी माणूस म्हणून कशी आहे तेही पाहायचे. आपल्या नव्या खोंडाच्या जोडीला जुना बैल आला, तो इथे.

आणि इथेच दुसरी ठेच लागली. ही पद्धत पाहून देशोदेशीच्या रुग्णालयांनी परिचर्येच्या शाळा काढल्या. पण पुष्कळांचा डोळा शिकवण्यावर नव्हता. शिकाऊ मुलगी म्हणजे थोड्या पैशात किंवा फुकटात मिळणारे दोन हात! सकाळपासून रात्रीपर्यंत झाडलोट, चादरी बदलणे, भांडी घासणे. शिकवायला वेळ कोणाला? १९२३ साली अमेरिकेत या विषयावर एक मोठा अहवाल निघाला. तो गोल्डमार्क अहवाल म्हणून ओळखला जातो. रुग्णालयाची गरज आणि मुलीचे शिक्षण यांची टक्कर झाली की बळी शिक्षणाचा जातो, असे त्याने दाखवून दिले. ब्रिटनमध्ये तर शिकाऊ परिचारिकेला वॉर्डाच्या नोकरवर्गात मोजायचे नाही, ही सुधारणा १९८९ पासून अमलात येऊ लागली. म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या शाळेनंतर जवळजवळ एकशेतीस वर्षांनी!

दोन ठेचा दोन बाजूंच्या आहेत. व्हिएन्नाला शिकणाऱ्यामुळे आजारी माणूस मेला. पुढे शिकणारीलाच राबवून तिचे शिक्षण मारले गेले. हे दोन्ही टाळायचे, तर मधली वाट हवी.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेले जे. जे. रुग्णालय त्याच्या शेजारीच होते. शाळा आणि खाटा एकमेकींना लागून असाव्यात, ही दृष्टी सुरुवातीपासून होती. पहिल्या तुकडीतल्यांना १८५१ साली पदवी मिळाली. पुढे संशोधक म्हणून नावाजलेले डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांतलेच.

स्त्रियांची वाट मात्र लांब पडली. आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरकीची पदवी मिळवली, हे आपल्याला माहीत असते. पण पदवी हातात आल्यावर त्या थांबल्या नाहीत. प्रत्यक्ष अनुभवासाठी त्या बोस्टनला स्त्रिया व मुलांच्या रुग्णालयात कामाला लागल्या. प्रकृतीने साथ दिली नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झालेली होती, पण ते काम हाती घेण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्याला त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. पदवीपुढेही शिकायचे असते आणि ते खाटेशीच शिकायचे असते, हे त्या मुलीला उमगलेले होते.

परिचर्येचे काम तर आपल्या समाजाने फार काळ हलके मानले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्राची भांडी उचलायची, विटाळ-चांडाळ काही पाहायचे नाही, रात्रपाळी करायची. घरंदाज बाईने हे करावे? लोक नाके मुरडत. ही भिंत पाडायला ज्यांनी हात घातला, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव ठळक आहे. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. त्यानंतर रमाबाईंनी आपले दुःख उराशी धरून घरात बसून राहणे नाकारले. ससून रुग्णालयातल्या रोग्यांना भेटायला त्या जात, येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. गोपाळ कृष्ण देवधर यांचे त्यांना मोठे साहाय्य होते. सेवासदनाने विधवा आणि गरजू बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवायला सुरुवात केली आणि त्यांच्या राहण्याची सोयही केली.

ही राहण्याची सोय बारीकसारीक बाब समजू नका. मुलीला शिकायला पाठवायचे म्हटले की आईबापांचा पहिला प्रश्न काय असतो? 'राहणार कुठे? कोणाच्या देखरेखीखाली?' त्या काळात हाच प्रश्न दहापट मोठा होता. रमाबाईंनी वसतिगृह दिले, आपल्या नावाची पत दिली, तेव्हा कुठे पालकांचा जीव भांड्यात पडू लागला. ज्या विधवेला घरात कोपऱ्यात बसून दिवस काढावे लागत, ती वॉर्डात दहा खाटांची जबाबदारी घेऊ लागली. तिला स्वतःच्या कमाईचा घास मिळू लागला. आजाऱ्याच्या खाटेशी मिळालेल्या या शिक्षणाने इथे दोघांचे भले केले, आजाऱ्याचे आणि शिकणारीचे. मधली वाट म्हणतात ती हीच.

आणखी एक पाऊल मुंबईत पडले. दुखणे नुसते शरीरात नसते, ते घरात आणि गल्लीतही असते. क्षयाच्या रोग्याला औषध दिले, पण तो परत जाणार अंधाऱ्या खोलीत, जिथे दहा माणसे दाटीने झोपतात. कामावर गेला नाही तर चूल पेटत नाही, म्हणून औषध अर्धवट टाकून तो कामावर जाणार. मग औषधाचा उपयोग काय? हे समजून घेणारे माणूस तयार करायला १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ. त्यांनी आधी नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत शेजारघर म्हणावे असे एक केंद्र चालवले होते, आणि शाळेची सुरुवात त्याच वस्तीत झाली. हीच शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आली.

या शाळेत आणि तिच्या मागून निघालेल्या शाळांत क्षेत्रकार्य हा शिक्षणाचा कणा मानला गेला. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ चे आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. विद्यार्थ्याने आठवड्यातले ठरावीक दिवस रुग्णालयात, अनाथाश्रमात, वस्तीत जायचे. माणसांशी बोलायचे. काय बोलणे झाले ते घरी येऊन लिहून काढायचे, आणि ते लिखाण मार्गदर्शकापुढे ठेवायचे. "तू त्या बाईला मध्येच का तोडलेस? तिचे म्हणणे पुरते ऐकलेस का?" असे प्रश्न मार्गदर्शक विचारतात. ऐकून घेणे हीसुद्धा हाताने शिकायची विद्या आहे, हे या शाळांनी दाखवले. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. भारतातली अशी ती पहिली नेमणूक मानतात. आज मोठ्या सरकारी रुग्णालयात कागदपत्रांत अडकलेल्या, पैशांअभावी हताश झालेल्या माणसाला जो समाजसेवा अधीक्षक वाट दाखवतो, त्याच्या कामाचे मूळ तिथे आहे.

त्याच १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर व्हावा, आणि त्याच्या शिक्षणातले तीन महिने रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला द्यावेत, असे तिने सुचवले. पण शहरात शिकलेला मुलगा खेड्याचा होणार कसा? याला सेवाग्रामने उत्तर दिले. गांधीजींच्या शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी वर्ध्याजवळ सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथे विद्यार्थ्याची सुरुवात आश्रमात राहून होते. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी गावात शिबिराला राहतात, आणि प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात. ती कुटुंबे त्याच्या शिक्षणाच्या काळात त्याचीच राहतात. त्याने पुन्हा पुन्हा त्याच दारात जायचे. कोणाचे वजन उतरले, कोणाची सून गरोदर आहे, कोणाच्या विहिरीत पालापाचोळा पडला आहे, हे त्याला ठाऊक असायला हवे.

'पुन्हा त्याच दारात' यातच मर्म आहे, मंडळी. एकदा येऊन फॉर्म भरून गेलेला विद्यार्थी गावाला पाहुणा वाटतो. पुन्हा आलेला विद्यार्थी आपला वाटतो, आणि त्यालाही आपली चूक दुरुस्त करायची संधी मिळते. १९७७ साली सरकारने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे आपली मानावीत, अशी योजना आणली. हेतू उत्तम होता, मोठ्या गाड्याही दिल्या. पण ठरल्यासारखे फार थोड्या ठिकाणी घडले. गाडीने गावापर्यंत पोहोचता येते, घरापर्यंत पोहोचायला माणसाचा ओढा लागतो. आता २०२२ पासून देशभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक देण्याचा कार्यक्रम अभ्यासक्रमात आला आहे. सेवाग्रामची वाट सर्वांसाठी खुली झाली म्हणायची. ती चालायची कशी, हे पुष्कळसे गुरूंवर आणि थोडेफार आपल्यावरही आहे.

आणि जामखेडने तर सगळा डावच उलटा मांडला! त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी भागात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्या शिकायला जामखेडला येत, शिकलेले घेऊन गावात जात, अडचण आली की ती घेऊन पुन्हा येत. नंतर देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी तिथे शिकायला येऊ लागले. आणि त्यांना शिकवायला पुढे कोण? तर याच बायका. ज्यांच्या दंडावर शिकायचे, त्यांच्याच पायाशी बसून शिकायचे!

तर मंडळी, या साऱ्या हकिगतींचे सार काय? आजारी माणूस शिकणाऱ्याला उसने देत असतो. आपला दंड, आपला वेळ, आपली लाज, आपला विश्वास उसना देतो. हे उसने फिटायचे तर चार गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली चूक कोहळ्यावर करावी, माणसावर नको. हात धुतल्यावाचून खाटेला शिवू नये. शेजारी जाणते माणूस उभे असावे, आणि शिकाऊ म्हणून कोणाला हमालासारखे राबवू नये. आणि गेलो त्या दारात पुन्हा जावे.

आपण श्रोत्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुमच्या खाटेशी किंवा दारात विद्यार्थी आला, तर त्याला नाव विचारा. "बाळा, तुला शिकवणारे कोण? ते जवळ आहेत का? हात धुतलेस का?" हे विचारण्यात संकोच नको. त्याने तुमची परवानगी मागितली पाहिजे. 'आज नको' म्हणायचा तुम्हाला पुरता अधिकार आहे, आणि तसे म्हटल्याने तुमच्या औषधपाण्यात काही कमी होता कामा नये. पण या गोष्टींची खातरी पटली, तर मात्र हात पुढे करा. आज तुम्ही धीर दिलात, तर तो हात उद्या कोणत्या तरी अडचणीच्या रात्री, कोणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाला स्थिर राहील.

आणि गुरुजनहो, आपल्या वर्गातली एखादी मुलगी परिचारिका व्हायचे म्हणते, एखादा मुलगा समाजसेवेच्या शाळेत जायचे म्हणतो, तेव्हा घरचे लोक अजूनही कधी कधी नाक मुरडतात. त्यांच्या घरी एकदा जाऊन या. रमाबाईंनी दिली तशी आपल्या नावाची थोडी पत त्या लेकराला द्या. आणि त्याला एवढे सांगा, की पहिल्या दिवशी हात थरथरला तर लाजू नको. तो थरथरतो, कारण समोर कोहळा नाही, माणूस आहे, हे तुला कळले आहे. हात पुढे स्थिर होईल. ही जाणीव मात्र जन्मभर जपून ठेव.